नवशिक्याला बुडालेली जहाजे पाहायची आहेत : गोवा-सिंधुदुर्गात कुठे, कधी आणि आधी काय शिकावे?

पाणकावळा
मालवणला किल्ल्यापाशी पर्यटकांचे स्कूबा केले आहे. पोहता येते, पाण्याची भीती नाही. आता रीतसर शिकायचे आहे आणि ओढ आहे ती बुडालेल्या जहाजांची. अंदमान-लक्षद्वीप सध्या नको, पुण्याहून गाडीने जाऊन येता येईल असे हवे. तीन प्रश्न:
१. आपल्या बाजूला नवशिक्याला झेपेल असे बुडालेले जहाज आहे का?
२. कोर्स कोणता? ॲडव्हान्स्डपर्यंत थांबावे लागेल का?
३. केंद्र चांगले की नुसते स्वस्त, हे फोनवर कसे ओळखायचे?
जाणकारांनी सविस्तर लिहावे.

डोलकाठी
आधी एक गैरसमज दूर करू. किल्ल्यापाशी जे होते ते स्कूबाची चव देणे आहे. प्रशिक्षक तुमच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरून तुम्हाला चार-सहा मीटरवर फिरवतो, हवा तोच पाहतो, वरखाली तोच करतो. त्यात वाईट काही नाही, पण त्यावर कुठलाही परवाना मिळत नाही. हातात दिलेला रंगीत कागद हा फोटोसोबतची आठवण समजावा.

रीतसर पहिली पायरी म्हणजे ओपन वॉटर. पाडी किंवा एसएसआय या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांपैकी कोणतीही घ्या, दोन्हींची कार्डे जगभर चालतात. पाडीत 200 मीटर न थांबता पोहणे (वेळेचे बंधन नाही), 10 मिनिटे तरंगणे, उथळ पाण्यातले धडे आणि समुद्रात 4 डाइव्ह. मर्यादा 18 मीटर. कमीत कमी तीन-चार दिवस हातात ठेवा. 'दोन दिवसांत कार्ड देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून फोन ठेवा.

थिअरी घरून ऑनलाइन करून जा. तिथे जाऊन रात्री व्हिडिओ बघत बसले की झोप होत नाही, आणि अपुऱ्या झोपेत बोट लागते.

खडप
प्रश्न १ चे उत्तर: आहे. गोव्यात मुरगावच्या तोंडाशी ग्रँड आयलंड, तिथे सुझीज रेक (रेक म्हणजे बुडालेले जहाज) आणि डेव्ही जोन्स लॉकर. दोन्ही साधारण 15 मीटरच्या आत, म्हणजे ओपन वॉटरच्या मर्यादेत.

पण अपेक्षा आधीच नीट ठेवा. डोक्यात डोलकाठ्या, केबिन, गोल खिडक्या असलेले उभे जहाज असेल तर ते तिथे नाही. दरवर्षीच्या पावसाळी लाटांनी उथळ पाण्यातले लोखंड कधीच मोडून पसरले आहे. पत्रे, फासळ्या, वाळूत अर्धे गाडलेले तुकडे आणि त्यावर वाढलेली कालवे. 'आत शिरायचे' असे काही नाही, आणि नवशिक्यासाठी हीच त्यातली चांगली बाजू. मासे मात्र भरपूर, कारण आजूबाजूच्या सपाट तळावर लपायला तेवढीच जागा. सुझीचे मूळ जहाज कोणते, याची कथा दर बोटीवर वेगळी ऐकायला मिळेल. करमणूक म्हणून ऐका.

सिंधुदुर्गात किल्ला आणि तारकर्ली परिसर खडपांचा आहे, जहाजांचा नाही. शिकायला मात्र तारकर्ली चांगली. एमटीडीसीची स्कूबाची संस्था तिथे आहे, खोल तलावासकट. समुद्र खवळला तरी तलावातला भाग अडत नाही.

मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट पाण्याच्या दृष्टीने या सगळ्यांत सरस, पण तेही खडकांचे. बोटीने तासाच्या वर लागतो. कोर्सचे डाइव्ह तिथे आणि जहाज गोव्यात, असेही जमवता येते.

अँग्रिया बँकेचे नाव कुठे वाचले असेल तर तूर्त विसरा. विजयदुर्गपासून 100 किमीहून जास्त आत, माथाच 20 मीटरच्या खाली, भर समुद्रातला प्रवाह. ते नवशिक्याचे काम नाही.

चिंगूळ
गुलदारबद्दल कोणीच लिहिले नाही?

खडप
आयएनएस गुलदार, नौदलाचे सुमारे 84 मीटर लांबीचे जहाज. जानेवारी 2024 मध्ये सेवेतून निवृत्त झाले आणि निवती रॉक्सजवळ तळाशी बसवून कृत्रिम प्रवाळ आणि स्कूबाचे ठिकाण करण्यासाठी एमटीडीसीकडे आले. असे मुद्दाम बुडवलेले जहाज नवशिक्याला उत्तम असते, कारण आधी तेल, केबल, काचा, दारे काढून टाकतात आणि आरपार मोकळ्या वाटा ठेवतात. पण सुट्टी त्या भरवशावर आखू नका. तुमच्या तारखांना तिथे नवशिक्यांना नेतात का, आणि कार्डावर किती डाइव्ह मागतात, हे एमटीडीसीला विचारून मगच पैसे भरा.

भांगाचे_पाणी
कुठे जायचे यापेक्षा कधी जायचे हे पश्चिम किनाऱ्यावर जास्त महत्त्वाचे. एकाच सुझीवर एका दिवशी 8 मीटर दिसते आणि पुढच्या आठवड्यात स्वतःचा हात दिसायची मारामार. पॅकेज विकणारा हे सांगत नाही, कारण त्याची बोट रोज भरायची असते.

हंगाम: जून ते सप्टेंबर बंद. ऑक्टोबरमध्ये दुकाने उघडतात, पण नद्यांचा गाळ अजून खाली बसलेला नसतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर बरे. एप्रिल-मे पाणी कोमट, पण दुपारच्या वाऱ्याने बोट हलते.

त्याच्या आत तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जास्त चढते-उतरते, म्हणजे प्रवाह जोरात आणि तळाचा गाळ वर. अष्टमीच्या मागेपुढे भांग असतो, पाणी सुस्त. भांग चंद्राच्या एक-दोन दिवस मागे चालतो, म्हणून दशमी-एकादशी सगळ्यांत बरी. दुसरा फायदा वेळेचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हा कोळ्यांचा हिशेब. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे सकाळच्या पहिल्या डाइव्हच्या सुमारास खाडीचे गढूळ पाणी बाहेर न येता समुद्राचे स्वच्छ पाणी आत आलेले असते. गोव्यात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, तेव्हा नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यातून घ्या. (वद्य पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच.)

आणि पहिली बोट पकडा. सकाळी मतलई वारे असतात, किनाऱ्याकडून येणारे, पाणी चापून बसलेले असते. अकरा-बारानंतर खारे वारे सुटले की बोट लागणारे लोक रांगेने कठड्याला.

पाणकावळा
हे कुठल्याच वेबसाइटवर नव्हते, धन्यवाद! कालनिर्णय घेऊनच बसतो. मुंबईजवळ का नाही काही? जहाजे तर तिथेही बुडाली असतीलच.

भांगाचे_पाणी
बुडाली आहेतच. पण मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, गोव्यात साधारण दोनचा. एवढे पाणी दिवसातून दोनदा चिखलाच्या खाड्यांतून आत-बाहेर होते. दिसत काहीच नाही, वर बंदराची वाहतूक.

डोलकाठी
प्रश्न ३, केंद्राची पारख. फोनवर हे विचारा:

प्रशिक्षकाचा पाडी किंवा एसएसआयचा नंबर काय? तो घेऊन त्यांच्या साइटवर तपासा. 'आमच्याकडे वीस वर्षे अनुभवी मुले आहेत' हे उत्तर नव्हे.
एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण? ग्रँडच्या दृश्यतेत चार म्हणजे खूप झाले, दोन असतील तर उत्तम.
बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? आणि लोक पाण्यात असताना बोटीवर तांडेलाशिवाय वरून लक्ष ठेवणारा कोणी असतो का?
पाणी खराब निघाले तर तारीख बदलून देता की पैसे बुडाले?
आमच्या बोटीवर फक्त स्कूबावालेच असतात की डॉल्फिन, मासेमारी, बार्बेक्यूही? सगळे एकत्र असेल तर स्कूबाची वेळ बार्बेक्यू ठरवतो.

तिथे पोचल्यावर सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (दाबाच्या चाचणीची) तारीख बघा, पाच वर्षांच्या आतली हवी. रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायच्या भागातून) दोन श्वास घेऊन वास बघा. हवेला वास नसतो. तेलकट किंवा धुराचा वास आला तर ते सिलिंडर नाही. कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो तेही बघा. हवा घेणारा पाइप जनरेटरच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये भरला जातो, आणि त्याला तर वासही नसतो. खोलीवर तो जास्त बाधतो. डोके दुखते, मळमळते, आणि लोक म्हणतात बोट लागली.

सगळ्यांत महत्त्वाचे: पाण्यात उतरण्याआधी हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. जमिनीवर हवा पुरते, 12 मीटरवर पुरत नाही. जुन्या पद्धतीत व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव फेरा मागे घेत. घाईत कोणी उलट करतो, बंद करून पाव फेरा उघडतो, आणि नेमका हाच घोळ होतो. पूर्ण उघडा आणि तसाच ठेवा.

सागरगोटा
प्रश्न २ बद्दल माझे मत: ॲडव्हान्स्ड आधी करा. पाच डाइव्ह, त्यात डीप आणि नॅव्हिगेशन सक्तीचे, उरलेल्या तीनांत रेक आणि पीक परफॉर्मन्स बॉयन्सी (तरंगण्यावर ताबा) निवडता येतात. 30 मीटरची मुभा मिळते आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली पहिले जहाज होते.

खडप
> ॲडव्हान्स्ड आधी करा.

असहमत. ओपन वॉटरच्या चार डाइव्हनंतर लगेच ॲडव्हान्स्ड केले की कार्डावर 30 मीटर येतात, अंगात 10 मीटरही मुरलेले नसतात. सुझी 15 च्या आत आहे, तिला ते कार्ड लागतच नाही. त्याच पैशांत प्रशिक्षकासोबत सहा-आठ साधे डाइव्ह करा, त्यांतले दोन-तीन जहाजावर. मग ॲडव्हान्स्ड.

सागरगोटा
खोलीपुरते मान्य. पण साध्या 'फन डाइव्ह'ला गाइड पुढे, तुम्ही मागे. चूक दाखवून कोणी देत नाही. निदान रेकचा एक डाइव्ह तरी प्रशिक्षणाचा म्हणून घ्यावा. ॲडव्हान्स्डमध्ये तो पुढे मोजला जाऊ शकतो, आधी विचारून घ्या.

खडप
हे चालेल. पूर्ण रेक स्पेशालिटी (पाडीत 4 डाइव्ह) मात्र ग्रँडला करण्यात अर्थ नाही. त्यात दोरा-रीळ आणि आत शिरण्याची मर्यादा शिकवतात, बाहेरचा उजेड दिसतो तिथपर्यंतच, आणि खोली धरून पृष्ठभागापासून एकूण 40 मीटर. शिरायलाच जागा नाही तिथे हे शिकणार कशावर? जेव्हा उभ्या जहाजावर जाल तेव्हा करा.

बोयाखाली
जहाजावर नवशिक्याचे काय बिघडते ते लिहितो, कारण कोर्समध्ये हे ओझरते येते.

वजन जास्त बांधणे. निम्म्या अडचणींचे मूळ इथे. बोटीवर घाईत 'आठ किलो द्या याला' म्हणतात, म्हणजे माणूस पटकन खाली जातो आणि गाइडचा वेळ वाचतो. मग तो तळाशी पाय खाली, डोके वर असा उभा चालतो, पायातल्या फिनने गाळ उडवतो, तरंगायला जॅकेटमध्ये हवा भरतो, ती वर येताना फुगते आणि तो बुचासारखा वर. तपासणी अशी: पूर्ण पोशाखात, जॅकेट रिकामे, निम्मा श्वास धरून उभे राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवे. हे भरलेल्या सिलिंडरवर केले असेल तर 2 किलो वाढवा, कारण 11 लिटरचे ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामे होता होता तेवढे हलके होते. 3 मिलिमीटरचा सूट आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर 4 ते 6 किलोपासून सुरुवात करा.

हेलकावा. उथळ जहाजावर लाटेची ओढ तळापर्यंत पोचते, दोन मीटर पुढे, दोन मीटर मागे. नवशिका घाबरून लोखंड धरायला जातो. लोखंडावर कालवे असतात, ब्लेडसारखी, आणि मधूनमधून लायनफिश, स्कॉर्पियनफिश. तळापासून दीड-दोन मीटर वर राहा, ओढीबरोबर जा, परतीच्या ओढीच्या वेळी पाय मारू नका. पुढच्या ओढीला मारा. धनुर्वाताचे इंजेक्शन आधी घेतलेले बरे.

जाळी आणि तंगूस. बुडालेल्या जहाजावर मासे असतात हे मासेमारांना आपल्याआधीच माहीत असते. तुटलेली जाळी आणि गरीचा तंगूस लोखंडात अडकून राहतो, आणि कमी उजेडात तंगूस दिसतच नाही. तो बहुतेक सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा फिनच्या बकलला अडकतो. ओढ जाणवली की थांबा, वळू नका. वळले की गुंडाळला जातो. जोडीदाराला खूण करा, तो सोडवेल. छोटा लाइन कटर छातीवर किंवा कमरेपाशी, दोन्ही हात पोचतील असा. पोटरीला बांधलेला मोठा सुरा फोटोत छान दिसतो आणि तोच आधी जाळ्यात अडकतो.

फिन मारणे. सरळ वरखाली कात्रीसारखे पाय मारले की गाळ उडतो. गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारायला शिकवा म्हणून प्रशिक्षकाला तलावातच सांगा.

चिंगूळ
एका सिलिंडरमध्ये किती वेळ मिळतो? 45 मिनिटे म्हणतात.

बोयाखाली
म्हणू देत. गणित करा. 11.1 लिटरचे सिलिंडर 200 बारला = 2220 लिटर हवा. 50 बार राखीव, म्हणजे 555 वजा. हातात 1665.

निवांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेतो. 15 मीटरवर दाब 2.5 बार, म्हणजे 50 लिटर. 1665 ÷ 50 = 33 मिनिटे. नवशिका 25 लिटर घेतो, तेव्हा 62.5, मिळाली साडेसव्वीस मिनिटे. ओढीशी झटत असेल तर वीससुद्धा. यातूनच वर यायची हवाही जायची: मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही आणि 5 मीटरवर 3 मिनिटांचा थांबा.

गाइडला आधीच ठरवून सांगा की 100 बारला मी खूण करणार आणि तिथून परतणार. गाइड 'अजून आहे, चल' म्हणाला तरी परता. हवेचा हिशेब ज्याच्या तोंडात रेग्युलेटर त्याचा.

निळाई
मला लहानपणी दमा होता, आता त्रास नाही. जमेल का? आणि चष्मा -4 आहे.

डोलकाठी
वैद्यकीय फॉर्ममध्ये तो प्रश्न असतो आणि उत्तर 'हो' द्यायचे. मग डॉक्टरची सही लागते, बहुधा फुफ्फुसाची चाचणीही. सरसकट बंदी नाही. काही ठिकाणी 'सगळीकडे नाही लिहा, कटकट नको' असे सुचवतात. तसे करू नका. अडलेल्या श्वासनलिकेमागची हवा वर येताना फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. प्रकरण गंभीर होऊ शकते. फॉर्म घरी असतानाच डाउनलोड करून डॉक्टरकडे न्या, गोव्यात आदल्या रात्री डॉक्टर शोधू नका.

-4 ला नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, भाड्याने क्वचितच, म्हणून विकतच घ्या. सगळ्यांनीच पहिली खरेदी मास्कची करावी. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडला तरी टिकला पाहिजे. मिशी असेल तर नाकाखाली पाणी शिरते, तेवढ्या पट्टीवर वस्तरा फिरवा. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, साधी पांढरी टूथपेस्ट लावून दोन-तीनदा आतून घासा, नाहीतर कितीही थुंकी लावा, धुके येणारच.

कानांचे राहिले. नाक धरून हलकी फुंकर, पाणी डोक्यावर यायच्या आधीच सुरू करा आणि दर अर्ध्या-एक मीटरला. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधी. दुखलेच तर मीटरभर वर या. सर्दीत उतरू नका. गोळी घेऊन उतरले आणि तिचा असर तळाशी संपला तर वर येताना कान-सायनस अडकतात.

सागरगोटा
पुणेकर गाडीने येणार आहेत म्हणून हे जरूर वाचा. विमानाचा नियम सगळ्यांना माहीत असतो: एका डाइव्हनंतर 12 तास विमानात बसायचे नाही, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस झाले तर 18. घाटाचे कोणी सांगत नाही. डॅन या डाइव्हर-सुरक्षेच्या संस्थेचा हा सल्ला साधारण 600 मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतो. आंबोली 690 च्या आसपास, चोर्ला त्याहून वर, बेळगाव 750. शेवटचा डाइव्ह दुपारी एकला, जेवण, आणि पाचला आंबोली चढतोय हे बरोबर नाही. शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. कोकण रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांना घाटाचा हा प्रश्न येत नाही.

विम्याचेही बघा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेले असते. डॅनचा किंवा स्कूबा स्पष्ट लिहिलेला घ्या. रिकम्प्रेशन चेंबरचा (डाइव्हच्या आजारावर उपचाराच्या दाबाच्या खोलीचा) खर्च खिशातून करण्यासारखा नसतो.

वाळवंटी_कोकणी
दुबई-शारजात असलेल्या मंडळींसाठी: फुजैराच्या बाजूला मुद्दाम बुडवलेली छोटी जहाजे आहेत, इंचकेप 1 तीस मीटरच्या आसपास, इंचकेप 2 बावीसच्या. दोन्ही ओपन वॉटरच्या मर्यादेबाहेर, तिथे मात्र सागरगोटा यांचे ॲडव्हान्स्ड लागतेच. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी थंड असते, 5 मिलिमीटरचा सूट घ्या, आणि सूट जाड झाला की वजन पुन्हा तपासा.

पाणकावळा
तर डिसेंबरमध्ये तारकर्ली किंवा गोव्यात ओपन वॉटर चार दिवस, पाचव्या दिवशी ग्रँडला दोन डाइव्ह (एक प्रशिक्षणाचा), सहाव्याला सकाळी परत. तिथी दशमीच्या आसपास. बरोबर?

भांगाचे_पाणी
दशमी पाचव्या दिवशी येऊ द्या, पहिल्या नव्हे. तलावाला उधाण नसते. आणि ख्रिसमसचा आठवडा टाळा, ग्रँडला बोटीला बोट लागलेली असते आणि वर येताना डोक्यावर कोणाचा पंखा फिरतोय ते बघावे लागते.

बोयाखाली
त्यासाठीच फुगवायचा नारिंगी बोया (एसएमबी) सोबत घ्या आणि 5 मीटरच्या थांब्यावरून सोडायला कोर्समध्येच शिका. सोडताना रीळ जॅकेटला अडकवलेले नको. बोया वर जाताना तुम्हालाही घेऊन जातो.